काळ्या पित्ताची गोष्ट : प्रस्तावना

इंग्रजीत दुःखाला शब्दांची वानवा नाही. सॅड, सॉरो, ग्रीफ, ग्लूम, ब्लूज, डिप्रेशन... यादी लांबवावी तेवढी लांबते आणि प्रत्येक शब्दाचं कूळ निराळं निघतं. ग्रीफ हा लॅटिनमधल्या 'ग्राव्हिस'पासून फ्रेंचमार्गे आला. ग्राव्हिस म्हणजे जड. आपल्या लघु-गुरु या जोडीतल्या गुरूचा तो नात्याने भाऊच लागतो. सॅडची कथा त्याहून चमत्कारिक. जुन्या इंग्रजीत सॅड म्हणजे पोट भरलेला, तृप्त. जर्मन माणूस आजही जेवण आटोपल्यावर आपण 'झाट' आहोत असं सांगतो, तो याच शब्दाचा भाऊबंद. तृप्तीतून सुस्ती आली, सुस्तीतून जडपणा, मग गांभीर्य आणि शेवटी दुःख. एकोणिसाव्या शतकात कपड्यांच्या भरीव लोखंडी इस्त्रीला 'सॅड आयर्न' म्हणत. ती बिचारी दुःखी नव्हती, नुसती जड होती. संस्कृत जाणणाऱ्याला इथे 'सद्' धातू हटकून आठवतो, कारण विषाद आणि अवसाद हे त्याच धातूचे. हा मोह आवरावा. 'सद्' म्हणजे बसणं, आणि त्याचा इंग्रजीतला खरा नातेवाईक 'सिट' आहे. विषादात माणूस मटकन खाली बसतो. सॅडमधला माणूस जेवून उठलेला असतो.

या पुस्तकाचा विषय मात्र यांतला एकही शब्द नाही. विषय आहे 'मेलँकली'. बाकीचे शब्द दुःख कसं वाटतं ते सांगतात. मेलँकली दुःख कशामुळे होतं ते सांगायला निघाला. ग्रीकमध्ये 'मेलास' म्हणजे काळा आणि 'खोले' म्हणजे पित्त. अंगात काळं पित्त माजलं की माणूस खचतो, असं निदानच त्या नावात भरलेलं आहे. निदान साफ चुकीचं होतं. ग्रीकांना अभिप्रेत असलेलं काळं पित्त शरीरात नाहीच. तरी शब्द लॅटिन आणि फ्रेंच ओलांडून १३०० सालच्या सुमारास इंग्रजीत पोचला आणि अजून तिथे ठाण मांडून आहे. त्याने एवढी वर्षं कशी काढली, त्याची ही हकीकत.

ज्यांनी हा शब्द कधी ऐकला नाही, त्यांच्याही तोंडी त्याचे दोन्ही तुकडे येत-जात असतात. रक्ततपासणीच्या कागदावरचं कोलेस्टेरॉल त्याच 'खोले'चं आणि कातडीला रंग देणारं मेलॅनिन त्याच 'मेलास'चं. खोलेचं मूळ आणखी मागे नेलं, तर ते पिवळा-हिरवा अशा अर्थाच्या धातूपाशी जातं. संस्कृतातले हरि, हरित, हिरण्य त्याच घरातले, इंग्रजीतले यलो आणि गोल्डही तिथलेच. पित्ताचं नाव त्याच्या रंगावरून पडलं आणि तो रंग उघडच पिवळट हिरवा. म्हणजे मूळ धरून बोलायचं, तर मेलँकली हा वदतोव्याघात आहे : काळं हिरवं. ग्रीक वैद्यांना ते खटकलं नसावं. शब्द एकदा रुळला की त्याचा रंग कोण बघतो?

हिप्पोक्रेटिसच्या नावावर जमा असलेल्या सूत्रांत एक सूत्र आहे : भीती आणि खिन्नता फार दिवस रेंगाळली, तर तो विकार मेलँकलीचा समजावा. त्याच संग्रहातला माणसाच्या प्रकृतीवरचा ग्रंथ त्याचा जावई पॉलिबस याचा मानतात. त्यात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव मोजले आहेत. पुढे या चौकटीत ऋतू, महाभूतं, वयं असं सगळं बसवलं गेलं. काळ्या पित्ताच्या वाट्याला आली पृथ्वी, झाडांची पानं झडण्याचा ऋतू, थंड आणि कोरडा स्वभाव, अवयवांपैकी प्लीहा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पर्गमॉनच्या गॅलेनने त्यावर पथ्यापथ्याचा डोलारा उभारला. काळं पित्त वाढवणाऱ्या पदार्थांच्या त्याच्या यादीत कोबी आहे, जुनं चीज आहे, दाट काळी वाईन आहे आणि मसूरही आहे. कोल्हापूरकरांनी हे वाचून आख्खा मसूर सोडू नये.

या सगळ्याला डोळ्यांनी पाहिलेला काही आधार होता का? स्वीडनचे रॉबिन फारेउस यांनी १९२१च्या सुमारास एक पटण्यासारखी कल्पना मांडली. आपल्याकडे रेंगाळलेल्या तापात डॉक्टर 'ईएसआर' काढायला सांगतात, ती चाचणी घडवणाऱ्यांत हेच फारेउस होते; रक्त साकळताना बघण्यात त्यांचा जन्म गेला. ताजं रक्त काचेच्या उभ्या भांड्यात काढावं आणि न हलवता ठेवावं. थोड्या वेळाने त्याचे थर दिसू लागतात. तळाशी काळसर घट्ट गोळा, त्यावर लाल भाग, त्यावर पांढुरका पापुद्रा आणि सगळ्यांत वर पिवळसर पाणी. म्हणजे काळं पित्त, रक्त, कफ आणि पिवळं पित्त, चारही एका भांड्यात. ग्रीकांनी हेच पाहिलं असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये, पण पाहिलं असेल तर त्यांना हवेतल्या कल्पना करणारे म्हणता येणार नाही. त्यांनी नीट पाहिलं आणि चुकीचा अर्थ लावला.

व्याख्येला पुढच्या वैद्यांनी एक अट जोडली आणि माझ्या दृष्टीने सगळा जीव त्या अटीत आहे. मेलँकलीतली भीती आणि खिन्नता दिसण्याजोग्या कारणाशिवायची असली पाहिजे. घरातलं माणूस गेलं किंवा पीक बुडालं म्हणून जो रडतो तो मेलँकलीचा रोगी नव्हे, त्याला शोक झालेला आहे. सगळं धड असताना ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो रोगी. अशा माणसाविषयी चारचौघं काय बोलतात ते कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. याला काय धाड भरलीये, दोन वेळचं बसून खायला मिळतंय, कामाच्या नावानं सोंग घेतोय. नाहीतर मग बाहेरचं काहीतरी लागलंय. युरोपही याला अपवाद नव्हता. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिअसने साधूंना भर दुपारी ग्रासणाऱ्या मरगळीला 'अकेडिया' म्हटलं आणि ती सैतानाच्या खात्यावर टाकली. पुढे तिचीच गणती आळस म्हणून महापापांत झाली. याच्या शेजारी वैद्याचं म्हणणं ठेवून पाहावं. हा आळशी नाही, पापी नाही, झपाटलेला नाही. याच्या शरीरात एक द्रव वाढला आहे. दोष माणसावरून उचलून त्याच्या प्लीहेवर ठेवला गेला. उपचार काही मवाळ नव्हते. हेलेबोर नावाच्या विषारी वनस्पतीने जुलाब करवायचे, शीर कापून रक्त काढायचं. तरीसुद्धा चाबूक आणि जुलाब यांतून निवडायची वेळ आली, तर मी जुलाब घेईन.

ग्रीक ज्ञान युरोपात जवळजवळ विस्मरणात गेलं, तेव्हा हा शब्द अरबीत 'मालिखुलिया' होऊन राहिला. एफिससच्या रूफसने इ.स. १००च्या सुमारास मेलँकलीवर लिहिलेल्या ग्रंथाचे आता तुकडेच उरले आहेत, पण अरबी वैद्यांपुढे तो होता. त्याच्या आधारावर ट्युनिशियातल्या कैरुआनमध्ये इशाक इब्न इम्रानने दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपला प्रबंध लिहिला. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन या उत्तर आफ्रिकेतून इटलीत आलेल्या साधूने माँटे कासिनोच्या मठात त्यावर बेतलेलं लॅटिन पुस्तक केलं आणि शब्द वळसा घेऊन युरोपात परतला. दुसरी वाट पूर्वेकडे आली. इब्न सिनाच्या 'कानून'मधून मालिखुलिया युनानी वैद्यकात आणि तिथून हिंदुस्थानात. अरबीत काळ्याला 'सौदा' म्हणतात, म्हणून काळं पित्तही सौदा आणि ते माजलेला माणूस 'सौदाई'. उर्दू गझलेतला प्रेमात वेडा झालेला सौदाई मुळात गॅलेनचा रुग्ण आहे. अठराव्या शतकातल्या मिर्झा रफींनी 'सौदा' हेच टोपणनाव घेतलं. बाजारातल्या सौद्याशीही त्यावर श्लेष होतो, आणि कवीला अशी संधी कशाला सोडवते?

इथे आयुर्वेदाविषयी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण हा विषय निघाला की कुणीतरी 'हे सगळं आपल्याकडे होतंच' म्हणणार. काळं पित्त आपल्याकडे नव्हतं. दोष तीन, वात, पित्त, कफ. चरकसंहितेत विषाद येतो तो वाताच्या ऐंशी विकारांच्या यादीत, पित्ताच्या नव्हे. दुसऱ्या एका ठिकाणी चरक रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान देतो. हे निरीक्षण ग्रीकांच्या तोडीचं आहे आणि स्वतंत्र आहे. त्याला दुसऱ्याच्या अंगरख्यात कोंबायची गरज नाही.

ग्रहांचं मात्र वेगळं. ग्रीकांची फलज्योतिषाची रीत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आपल्याकडे आली. होरा आणि केंद्र हे आपले ज्योतिषी रोज वापरतात ते शब्दच मुळात ग्रीक. त्यामुळे युरोपातला सॅटर्न आणि आपला शनैश्चर यांच्या तोंडवळ्यात साम्य दिसलं, तर नवल नाही. एकोणतीस-साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी पुरी करणारा, मंद, थंड, काळा, म्हाताऱ्यांचा आणि कष्टकऱ्यांचा ग्रह. नवव्या शतकातल्या बगदादच्या अबू माशरसारख्या ज्योतिष्यांनी काळं पित्त शनीच्या पदरात घातलं. पुढे फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचिनोने त्याला भलतीच कलाटणी दिली. फिचिनोच्या लग्नी शनी होता आणि तो त्याबद्दल कायम कुरकुरत असे. त्याला एक जुना प्रश्न सापडला. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाता' या संग्रहाच्या तिसाव्या भागात विचारलेलं आहे की तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कलांत नाव काढलेली माणसं सगळी मेलँकलीच्या प्रकृतीची का असतात? उत्तरात वाइनचा दाखला आहे : थोडी प्यायली की माणूस बोलका होतो, जास्त झाली की वेडा. काळ्या पित्ताचंही तसंच, मात्रा जमली तर प्रतिभा, बिघडली तर रोग. फिचिनोने १४८९च्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न आणि शनी यांची मोट बांधली आणि विद्वानांना आपल्या खिन्नतेचा अभिमान बाळगायची सोय झाली. या अभिमानाने पुढे पुष्कळ भिकार कविता लिहवून घेतली, हेही नोंदवायला हवं.

या मताचं चित्र न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. 'मेलँकोलिया १' हे सगळं मिळून २४ सेंटिमीटर उंचीचं चित्र आहे, ते हातात धरून बघायचं. पंख असलेली धिप्पाड बाई खाली बसलेली, डावा गाल मुठीवर टेकलेला. चेहरा सावलीत काळवंडलेला, फक्त डोळ्यांचे पांढरे तेवढे लख्ख. उजव्या हातात कंपास आहे, पण तो काही मोजत नाहीये. पायाशी करवत, रंधा, खिळे, पट्टी पसरलेली. कमरेला किल्ल्या आणि थैली. किल्ल्या म्हणजे सत्ता आणि थैली म्हणजे संपत्ती, असं ड्यूररने स्वतः टिपून ठेवलं आहे. भिंतीवर तराजू, वाळूचं घड्याळ, घंटा. बरगड्या दिसणारा कुत्रा अंगाची मुटकुळी करून झोपलेला. काम करतंय ते एकच पोर, जात्याच्या दगडावर बसून पाटीवर काहीतरी गिरगटणारं. अवजारं आहेत, ज्ञान आहे, पंखसुद्धा आहेत, आणि बाई जागची हलत नाही. मेलँकलीचं याहून नेमकं वर्णन मला वैद्यकाच्या ग्रंथात सापडलेलं नाही.

घंटेखाली सोळा घरांचा एक चौरस कोरलेला आहे. कुठलीही ओळ घ्या, उभी, आडवी वा तिरकी, बेरीज ३४. खालच्या ओळीत मधल्या दोन घरांत १५ आणि १४, म्हणजे चित्राचं साल. त्याच वर्षी मे महिन्यात ड्यूररची आई गेली. असा चौतिसा यंत्राचा चौरस खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरावर ड्यूररच्या काही शतकं आधी कोरलेला आहे. युरोपातल्या जाणकारांत हा चौरस गुरू ग्रहाचा मानला जाई, म्हणून काही कलाभ्यासक म्हणतात की शनीच्या बाईला उतारा म्हणून तो तिथे टांगला आहे. आपल्याकडच्या साडेसातीच्या तोडग्यांवर वाढलेल्या माणसाला हे पटायला अडचण नाही.

आणि मग रॉबर्ट बर्टन. त्याच्यावर या पुस्तकात तीन प्रकरणं आहेत आणि ती मी आणखी लांबवली असती. १५७७ साली जन्मलेला हा माणूस ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात शिकला, तिथेच राहिला, तिथल्या ग्रंथालयाची व्यवस्था त्याने पाहिली आणि १६४० साली तिथेच मेला. प्रवास केला तो नकाशांवर. १६२१ साली त्याने 'द ॲनाटमी ऑफ मेलँकली' छापलं, डेमॉक्रिटस ज्युनिअर या टोपणनावाने. मूळचा डेमॉक्रिटस हसरा तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध. खिन्नतेवरच्या ग्रंथाला हसऱ्या माणसाचं नाव देणं हा बर्टनचा स्वभाव. हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या आणि दर आवृत्तीला पुस्तक फुगत गेलं. साडेतीन लाख शब्दांच्या आसपास सुरू झालेलं प्रकरण मरणोत्तर आवृत्तीत पाच लाखांच्या पुढे गेलं. कारणांच्या यादीत देव, सैतान, ग्रह, म्हातारपण, आईबाप, कोबी, हवा, झोप, जुगार, गरिबी आणि अतिवाचन. प्रेमातल्या आणि धर्मातल्या मेलँकलीला स्वतंत्र खंड. मध्येच विद्वानांच्या हलाखीवर लांबलचक रड, आणि ती वाचताना आजचा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक मान डोलावील. बर्टन एक मत देतो, त्याला दहा आधार जोडतो आणि लगेच उलट मत तितक्याच आधारांसह पुढे ठेवतो. शिस्त शोधणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आपण हे का लिहितो याचं कारण मात्र त्याने सरळ देऊन टाकलं आहे : मेलँकलीपासून सुटका व्हावी म्हणून मेलँकलीवर लिहिण्यात स्वतःला गुंतवून घेतलं. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनला आयुष्यभर हाच विकार जाचत होता, आणि नेहमीच्या वेळेपेक्षा दोन तास आधी आपल्याला अंथरुणातून उठवणारं हे एकच पुस्तक, असं तो म्हणे. कुठल्याही ग्रंथाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

बर्टननंतर शरीरशास्त्र पुढे गेलं आणि काळं पित्त कुणाला सापडेना. शब्द तेव्हा मरायला हवा होता. त्याऐवजी तो दुभंगला. 'मेलँकोलिया' रुग्णालयात राहिली आणि 'मेलँकली' कवींकडे गेली. मिल्टनने तिला देवी केलं, कीट्सने १८१९ साली तिच्यावर ओड लिहिलं, आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी पिढ्यांनी ही कविता पाठ्यपुस्तकांतून वाचली. बालकवींच्या एका कवितेत उदासीनता कुठून येते तेच कळत नाही. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या सुरुवातीलाच अँटोनियो याच पेचात असतो आणि मित्र जहाजांचं, प्रेमाचं कारण सुचवतात ती दोन्ही नाकारतो. एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मी म्हणत नाही. कारण न सापडणं हाच या दुःखाचा गाभा आहे, म्हणून दोघे तिथे पोचले.

वैद्यकात अडॉल्फ मायर यांनी १९०४ साली मेलँकोलिया काढून 'डिप्रेशन' वापरावं असा आग्रह धरला, आणि तसंच झालं. विल्यम स्टायरन हे अमेरिकन कादंबरीकार स्वतः या आजारातून गेले. १९९०च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या अदलाबदलीवर राग काढला आहे. बाजारातल्या मंदीला आणि जमिनीतल्या खळग्याला जो शब्द चालतो, तो एवढ्या भयंकर आजाराला कसा पुरेल, ही त्यांची तक्रार रास्त वाटते. डिप्रेशन पुन्हा दाब सांगतो, कारण सांगत नाही. मग कारणाची जागा भरायला मेंदूतल्या सेरोटोनिनची कमतरता पुढे आली आणि जाहिरातींनी ती घरोघर नेली. २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन या समजुतीला सातत्याने आधार मिळत नाही असं दाखवलं, त्यावर बराच गदारोळ झाला. सेरोटोनिन खराखुरा पदार्थ आहे, काळं पित्त नव्हतं, एवढा फरक ध्यानात ठेवावा. गोळ्या उपयोगी पडतात की नाही हा प्रश्नही वेगळा. पण एका द्रवाचं नाव सांगून माणसाला दोषमुक्त करायची जुनी गरज आपल्याला अजून आहे.

मराठीत या शब्दाला काय म्हणायचं, यावर मी फार वेळ घालवला नाही. विषाद गीतेने व्यापलेला. उदास हा संतवाङ्मयात विरक्त या अर्थाने चांगला शब्द होता आणि आता घसरून खिन्न झाला. हुरहुर फार हलकी, कारण तिला संध्याकाळ पुरते. पुस्तकात म्हणून मेलँकली तसाच ठेवला आहे, आणि जिथे वैद्यकीय अर्थ आहे तिथे मेलँकोलिया. ही दुसरी संज्ञा अजून जिवंत आहे. मानसोपचारात नैराश्याच्या एका तीव्र प्रकाराला मेलँकोलियाचं नाव लावतात : चांगली बातमीसुद्धा मनाला स्पर्श करत नाही, नेहमीपेक्षा दोन तास आधी पहाटे जाग येते, सकाळ सगळ्यांत वाईट जाते, भूक मरते, नसलेल्या अपराधांचं ओझं वाटतं.

ही लक्षणं स्वतःत किंवा घरातल्या कुणात दिसत असतील, तर हे पुस्तक बाजूला ठेवावं आणि डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. पुस्तक नंतर वाचलं तरी चालेल. पहिल्या प्रकरणातला हिप्पोक्रेटिस कुठे जात नाही.